बाबूलालचा ठोका

सूर्याच्या नोंदींवर 'बाबूलाल' असा शिक्का पूर्वीनं पहिल्यांदा मारला तो सप्टेंबरात. फेब्रुवारी लागेपर्यंत असे एकतीस शिक्के झाले होते. बाबूलालला याचा पत्ता नव्हता.

पूर्वी मूळची इंदापूरची. बारामतीच्या एका कॉलेजात ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि तिथल्याच सुधा मॅडमच्या प्रकल्पात कामाला लागली. प्रकल्प सूर्याचा होता. खग्रास ग्रहणात सूर्याभोवती जो पांढरा पिसारा दिसतो, ते त्याचं बाहेरचं वातावरण, प्रभामंडळ. एरवी ते डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून रेडिओलहरी येत असतात आणि साधा अँटेना लावून त्या दिवसभर टिपता येतात. त्या वातावरणात चुंबकीय क्षेत्राच्या प्रचंड कमानी उभ्या असतात, तापलेल्या वायूनं भरलेल्या. खाली एखादा स्फोट झाला की कमानी हलतात, आणि कधीकधी लयीत हलतात. ती लय मोजता आली तर कमानीतल्या चुंबकीय क्षेत्राचा जोर काढता येतो. तिथं मोजपट्टी घेऊन कुणी जाणार नाही. लय हाच काय तो धागा.

अँटेना होता कळसच्या माळावर, बारामतीपासून स्कूटीनं पाऊण तासावर. चार अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, एक लोखंडी खांब, खाली पत्र्याची खोली आणि खोलीत एक संगणक. नळ्या कापण्यापासून केबलचं टोक जोडण्यापर्यंत सगळं पूर्वीनं स्वतःच्या हातानं केलं होतं. खांब उभा करताना गावातली आठ माणसं दोराला लागली, आणि त्यात सगळ्यांत पुढं होता बाबूलाल, कारण माळाला लागूनच त्याचा दोन एकर मका होता.

माळ निवडला होता तो शांत म्हणून. जवळ कारखाना नाही, मोबाइलचा टॉवर लांब. पण एक भानगड निघाली, ती रानडुकरांची. कणसात दूध भरायला लागलं की डुकरं एका रात्रीत मका लोळवून जातात. म्हणून शेताभोवती तार ओढायची आणि तिला झटका मशीन जोडायची, अशी इकडची रीत. बारा व्होल्टची बॅटरी, वर सौर प्लेट आणि जेवणाच्या डब्याएवढी मशीन. ती तारेत दर सव्वा सेकंदाला एक झटका सोडते. डुक्कर मरत नाही, पण पुन्हा त्या वाटेला जात नाही. मशीन संध्याकाळी लावायची, सकाळी बंद करायची. बाबूलाल लावायला कधी विसरत नसे. बंद करायला मात्र हमखास विसरायचा. मग प्रत्येक झटक्याची ठिणगी अँटेनात येऊन बसायची. टक्, टक्, टक्, दर सव्वा सेकंदाला.

आणि नेमकी सूर्याच्या ज्या कमानी पूर्वी शोधत होती, त्यांची लयही सेकंद-दीड सेकंदाच्या घरातली.

पहिल्या तीन वेळा पूर्वी कळसला जाऊन बघून आली. तिन्ही वेळा मशीन चालूच सापडली. तीनदा खात्री झाल्यावर चौथ्यांदा त्यासाठी मुद्दाम कोण धावत जातं? तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सेकंद ते दीड सेकंद अंतरानं ठोके पडताना दिसले की तेवढा तुकडा बाजूला काढायचा, त्यावर 'बाबूलाल' असा शिक्का मारायचा आणि बारामतीला फक्त शिक्का पाठवायचा. मूळ नोंद खोलीतल्या संगणकात पडून राहायची. प्रोग्रॅम चोख चालत होता आणि पूर्वीला त्याचा अभिमानही होता.

मंगळवारी सकाळी सुधा मॅडमनी तिला बोलावलं.

"शुक्रवारी अकराला प्रकल्पाला पैसे देणारी समिती येतेय, इथंच, बारामतीला," मॅडम म्हणाल्या. "अँटेनाच्या तीन जागांपैकी एक बंद करणार आहेत. खर्च परवडत नाही म्हणतात."

"कुठली?"

"कोकणातून दोन दोलनं नोंदली गेली, मराठवाड्यातून एक. कळसवरून किती?"

"एकही नाही," पूर्वी म्हणाली.

"गोंगाटाची जागा, असं त्यांच्या कागदात लिहिलंय. आणि एका गृहस्थांनी मला फोनवर विचारलं, हा बाबूलाल नावाचा प्रकार कुठल्या शोधनिबंधात वर्णन केलाय? मी म्हटलं, अजून प्रसिद्ध व्हायचाय."

पूर्वीला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. खांब उखडून टेंपोत आडवा घातलेला तिला दिसायला लागला. पाच महिने ती दर आठवड्याला त्या माळावर गेली होती. नळीवर बसणारा कोतवाल पक्षी तिला ओळखत होता, असं तिचं म्हणणं होतं.

"तू एवढं कर," मॅडम म्हणाल्या. "बाबूलालना भेट. मशीन दिवसा बंद ठेवीन असं त्यांच्याकडून लिहून घे. निदान यापुढं गोंगाट होणार नाही, एवढं तरी त्यांच्यापुढं ठेवू."

बुधवारी दहाच्या सुमाराला पूर्वी कळसला पोचली तेव्हा बाबूलाल बांधावर गवत कापत होता आणि त्याची बायको करिमा शेळ्यांपुढं चारा टाकत होती.

"या सूर्यवाल्या मॅडम," बाबूलाल म्हणाला. "आज काय काढलंय सूर्यानं?"

"सूर्यानं नाही, तुम्ही काढलंय, चाचा." पूर्वीनं एकतीस तारखांचा कागद त्याच्या हातात दिला.

बाबूलालचा चष्मा घरी होता. त्यानं कागद करिमाकडं सरकवला. तिनं वरून खालपर्यंत बोट फिरवलं. "बाबूलाल, बाबूलाल, बाबूलाल… अवो, हितं खालपतोर तुमचंच नाव हाय."

पूर्वीनं सगळं सांगितलं. मशीन, ठिणगी, शिक्का, समिती. बाबूलालनं विळा खाली ठेवला.

"म्हंजी बारक्या-मोठ्या सायबांनी माजं नाव वाचलंय?"

"वाचलंय."

"आन् त्येंना काय वाटतंय, बाबूलाल म्हंजी कोन?"

"सूर्याला झालेला काहीतरी नवा आजार."

करिमानं तोंडाला पदर लावला. "आमाला ह्यो आजार तीस वर्सांपास्नं ठावं हाय."

"तू गप," बाबूलाल म्हणाला, पण त्याला राग आला होता तो करिमाचा नाही, कागदाचा. त्यानं तिला एकेक तारीख वाचायला लावली. "दसरा. व्हय, इसरलो. त्या दिशी पाव्हणं आलं हुतं. म्होरली? ती बी आसंल. म्होरली?" असं करत एकतिसावी तारीख आली. मागचा बुधवार, दुपारी एक बेचाळीस ते एक त्रेपन्न.

"ही माजी न्हाय."

"चाचा, शिक्का आहे तिथं."

"शिक्का तुमीच मारला न्हवं? मागल्या सोमवारी मशीन बंद पडली. मंगळवारी सकाळी म्या ती इंदापूरला अफजलच्या दुकानात टाकली. आजून तितंच हाय. राती मीच डबा बडवत शेतातनं फिरतोय, इचारा हिला."

"डुकरं काय भ्याली न्हाईत," करिमा म्हणाली. "मी भ्याले."

पूर्वीच्या डोक्यात पहिला विचार आला तो दुसऱ्या मशीनचा. पण ह्या शिवारात मशिनी दोनच, बाबूलालची आणि ओढ्यापलीकडं कुशाबाईची. कुशाबाईचा ऊस जानेवारीत तुटून गेला होता. पूर्वी तरीही ओढा ओलांडून गेली. कुशाबाईनं तिला घरात नेलं आणि फडताळावरची मशीन दाखवली. मशीनवर धूळ होती आणि बॅटरी तर नातवाच्या ट्रॅक्टरला लावलेली होती.

"बगितलंत?" ओढ्याच्या अलीकडं वाट बघत उभा असलेला बाबूलाल म्हणाला. "आता इंदापूरला चला. आत्ताच. तीस बाबूलाल माजं, त्ये म्या कबूल करतो. एकतिसावा न्हाय."

स्कूटीवर मागं बसून त्यानं इंदापूरपर्यंत हेच चार प्रकारे सांगितलं.

अफजलचं दुकान एसटी स्टँडच्या मागं होतं. मोटारी, स्टार्टर आणि पंखे यांच्या ढिगात अफजल स्टुलावर बसला होता. बाबूलालची मशीन त्याच्या टेबलावर उघडी पडली होती, नुसता रिकामा डबा.

"कधी आली ही तुमच्याकडं?" पूर्वीनं विचारलं.

अफजलनं डब्याला चिकटवलेली पट्टी दाखवली. त्यावर मार्करनं तारीख होती, मागच्या मंगळवारची.

"बुधवारी चालू करून पाहिलीत का?"

"चालू काय करणार, ताई? आतल्या सर्किटच्या कार्डात मुंग्यांनी घर केलं होतं. थंडीचे दिवस, डबा गरम, त्यांना काय, बरंच वाटलं असेल. मी मंगळवारीच कार्ड काढून बाहेर ठेवलं. दुसरं सोलापूरहून मागवलंय, ते अजून यायचंय."

"दुसरी कुठली झटका मशीन तुम्ही त्या दिवशी कळसला दिली होतीत?"

अफजलनं बाबूलालकडं पाहिलं. "चाचा, ह्यांचा शक माझ्यावर पण आहे का?"

"समद्यांवर हाय," बाबूलाल समाधानानं म्हणाला. "तुला म्हून सांगतो, त्येंचा शक सूर्यावर सोडून समद्यांवर हाय."

पूर्वी मशीनच्या रिकाम्या डब्याकडं बघत उभी होती. बाबूलालनं जे सहज बोलून टाकलं ते तिला लागलं. पाच महिन्यांत एकतीस तुकडे बाजूला निघाले, आणि पहिले तीन सोडले तर त्यातला एकही तिनं उघडून पाहिला नव्हता. अंतर सव्वा सेकंदाच्या आसपास दिसलं की ते बाबूलालचं. सूर्यानं त्याच अंतरानं हाक मारली असती तर? तीही बाबूलालच्याच नावावर पडली असती. दुसऱ्या गावच्या कुणी हा माळ बघितला असता तर त्याला झटका मशीन माहीतच नसती. त्यानं प्रत्येक तुकडा उघडून पाहिला असता. पूर्वीला सगळं माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच तिनं पाहिलं नव्हतं.

अफजलनं चहा मागवला होता. तिनं तो उभ्यानंच संपवला.

कळसला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला होता. खोलीकडं जाताना बाबूलाल सवयीनं कुंपणाशी थांबला आणि वीज नसलेल्या तारेला त्यानं बोटानं टिचकी मारली. तार झणझणली. तो दोन पावलं पुढं गेला, पुन्हा टिचकी मारली. इथं आवाज खालच्या पट्टीतला आला.

"हितं ढिली पडलीय," तो म्हणाला. "आवळाय पायजे."

"चाचा, आत्ता तुम्ही जे केलंत ना, तेच मी सूर्याचं करते."

"टिचकी मारता?"

"टिचकी त्याची तोच मारतो. त्याच्या अंगावर अशा कमानी असतात, लाखभर किलोमीटरच्या. त्यांना आपोआप धक्का बसतो आणि त्या हलतात. किती भरभर हलतात त्यावरून मी सांगू शकते, तिथली ओढ केवढी आहे."

बाबूलालनं वर बघितलं, मग डोळ्यांवर हात धरून खाली. "आन् आवाज हितपतोर येतो?"

"आवाज नाही, रेडिओलहरी. पण मी त्यांचा आवाज करून ऐकवू शकते."

"मग ऐकवा की."

पूर्वीनं लगेच संगणकाला हात लावला नाही. तिला एक गोष्ट सुचली होती आणि ती नीट करायची होती. मागच्या बुधवारचा तुकडा ती आधी स्वतः बघून बसली असती, तर तिचं मन तिथंच कुठंतरी झुकलं असतं. सूर्य असावा असं तिला वाटत होतं, फार वाटत होतं, आणि ह्याच गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. तिनं पाच तुकडे निवडले. चार मशीनचे, बाबूलालनं कबूल केलेले, आणि एक मागच्या बुधवारचा. प्रत्येकाचा एक मिनिटाचा आवाज तयार केला आणि क्रम संगणकालाच उलटासुलटा करायला लावला. कुठला तुकडा कुठं गेला ते तिलाही दिसत नव्हतं.

"मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही ऐका आणि सांगा."

करिमाही तोवर येऊन दारात टेकली होती. पूर्वीनं पहिला आवाज लावला. टक्, टक्, टक्.

"ही माजीच," बाबूलाल तिसऱ्या ठोक्यालाच म्हणाला.

दुसरा आवाज.

"ही बी माजी. पन बॅटरी उतरल्याली हाय. बगा, ठोका जरा लांब पडतोय. दिवाळीच्या आसपासचं आसंल, तवा प्लेट पुसायची राहिली हुती."

पूर्वीनं वहीत लिहिलं. तिचा चेहरा तिनं शक्य तेवढा कोरा ठेवला होता.

तिसरा आवाज सुरू झाला. तो टक् असा नव्हता. सुपात धान्य पाखडताना होतो तसा आवाज, उठायचा, बसायचा, उठायचा, बसायचा. बाबूलालनं मान तिरकी केली. अर्धं मिनिट तो नुसता ऐकत राहिला. करिमा काही बोलायला लागली तर त्यानं हात वर केला.

"ही मशीन न्हाय," तो शेवटी म्हणाला.

"कशावरून?"

"मशीन चुकत न्हाय, मॅडम. तिला काय दम लागतोय का पाय दुखतोय? ती आपली टक् ला टक्. हे चुकतंय. चढाला लागल्यागत चालतंय. मधीच लांब टांग टाकतंय, मधीच आखूड. आन् जोर बी सारका न्हाय, बगा, आता बारीक झालं, आता परत वाढतंय." त्यानं मान हलवली. "हे जित्तं हाय."

चौथा आणि पाचवा आवाज त्यानं पुन्हा मशीनचे म्हणून सांगितले. चौथ्याला तर त्यानं "हिच्यात तारंला गवत टेकल्यालं हाय" अशीही भर घातली. मग पूर्वीनं संगणकाकडून क्रम मागितला. दुसरा तुकडा दिवाळीच्या पाडव्याचा होता, ठोक्याचं अंतर एक पूर्णांक चार सेकंद; इतर वेळी ते एक पूर्णांक सत्तावीस असायचं. तिसरा मागच्या बुधवारचा.

आता तिनं आकडे काढले. मशीनच्या प्रत्येक तुकड्यात सगळी अंतरं शेवटच्या दशांशापर्यंत सारखी होती. बुधवारच्या तुकड्यात ती होती एक पूर्णांक एकतीस सेकंद, मग एक चोवीस, एक अडतीस, एक सत्तावीस, एक एकोणीस. मशीनचा ठोका रेडिओलहरींच्या सगळ्या पट्ट्यांवर वरपासून खालपर्यंत एकसारखा उमटलेला असायचा, एखादी काळी रेघ ओढावी तसा. हा वरच्या पट्ट्यांत गडद होता आणि खाली येताना विरत गेला होता. तिनं तेच आकडे तीनदा काढले.

"सूर्य हाय का?" करिमानं दारातून विचारलं.

"अजून म्हणता येत नाही, चाची. मशीन नाही, एवढंच म्हणता येतं."

"आता काय ऱ्हायलं?"

"मला असा कुणीतरी पाहिजे की ज्याच्याकडं तुमचा मका नाही, चाचांची मशीन नाही आणि आपली डुकरं नाहीत. त्यालाही त्याच वेळी हेच दिसलेलं असलं पाहिजे."

असा माणूस कोकणात होता. खाडीकाठच्या अँटेनावर मिहिर काम करायचा, पूर्वीच्याच वयाचा. तिनं त्याला फोन लावला आणि काय सापडलं ते मुद्दाम सांगितलं नाही. "मागच्या बुधवारी, दुपारी पावणेदोनच्या आसपास, तुझ्याकडं काही आहे का?" एवढंच विचारलं.

"थांब बघतो," मिहिर म्हणाला. की-बोर्डचा आवाज आला. "काही नाही गं. म्हणजे आहे, पण ते आपलं नाही. ती होडी आहे."

"कसली होडी?"

"इथं होड्या जातात ना खाडीतून. इंजिनाची टुकटुक येते अँटेनात. मी अशा तुकड्यांना 'होडी' म्हणून बाजूला काढून टाकतो."

पूर्वीनं फोन स्पीकरवर टाकला. बाबूलालला ऐकू जावं म्हणून. "किती वाजता लागली ही होडी?"

"एक बेचाळीस. गेली एक त्रेपन्नला."

"मिहिर, होडी बघितलीस तू?"

"दुपारी पावणेदोनला उन्हात कोण बघायला जातंय?"

"खाडीवाले," बाबूलाल फोनकडं वाकून म्हणाला, "तुमच्या होडीवाल्याचं नाव काय?"

"कोण बोलतंय?" मिहिरनं विचारलं.

"मी बाबूलाल."

मिहिरला हे नाव समितीच्या कागदांतून ठाऊक होतं. तो एवढ्या जोरात हसला की फोनचा स्पीकर चरचरला. मग हसता हसता थांबला, कारण त्यालाही कळलं होतं. "पूर्वी, थांब. फोन ठेवू नकोस. मी मूळ फाइल पाठवतोय."

फाइल यायला वीस मिनिटं लागली. कळसला नेटवर्क तसंच आहे. त्या वीस मिनिटांत करिमा घरी जाऊन टोपलीत भाकरी, ठेचा आणि डाळिंबाचे दाणे घेऊन आली, आणि कुणी काही खाल्लं नाही. फाइल उघडल्यावर पूर्वीनं कळसची रेघ निळी केली आणि कोकणची तांबडी. एकावर एक ठेवल्या. पडद्यावर एकच जांभळी रेघ दिसायला लागली. मध्ये सह्याद्री, दोनशे किलोमीटर अंतर, पण जिथं कळसचा ठोका लांबला तिथं कोकणचाही लांबला होता. जिथं कळसचा बारीक झाला तिथं कोकणचाही. पूर्वीनं मोजले. अकरा मिनिटांत पाचशे सोळा ठोके, आणि ठोक्याला ठोका.

ती खुर्चीवरून उठली आणि काय करावं ते न सुचून पुन्हा बसली.

"आता म्हना की," करिमा म्हणाली.

"सूर्य आहे, चाची."

बाबूलालनं बोट पडद्यावर टेकवलं. "मग माजं नाव काडा हितनं."

पूर्वीनं त्याच्यासमोर एकतिसावा शिक्का पुसला आणि तिथं 'सूर्य' असं लिहिलं.

"बाकीचे तीस?" तिनं विचारलं. "तेही मी एकेक उघडून बघणार आहे."

"बगा. पन त्ये माजंच निगतील," बाबूलाल म्हणाला. "उगं खोटं कशाला बोलायचं."

मग तिघांनी मिळून टोपली रिकामी केली. पूर्वीनं सुधा मॅडमना फोन केला आणि सगळं सांगून झाल्यावर त्या काय म्हणतात याची वाट बघत राहिली. मॅडमनी आधी दोन प्रश्न विचारले, दोन्ही कळस आणि कोकणातल्या संगणकांची घड्याळं जुळतात का याबद्दल. उत्तरं ऐकून म्हणाल्या, "शुक्रवारी तू बोलायचंस. मी मागं बसणार. आणि बाबूलालना घेऊन ये."

शुक्रवारी कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर समितीचे चारजण टेबलाच्या एका बाजूला बसले होते. पूर्वीनं निळी रेघ दाखवली, मग तांबडी, मग दोन्ही एकत्र. अंतरांचे आकडे दाखवले. स्वतःची चूकही दाखवली, न लपवता, कारण ती दाखवल्याशिवाय बाकीचं कळलंच नसतं.

अध्यक्ष निहार सर पन्नाशीचे गृहस्थ होते आणि फार थोडं बोलायचे. "हे चांगलं आहे," ते म्हणाले. "पण कळसची जागा गोंगाटाची आहे, हा मुद्दा राहतोच. उद्या पुन्हा असाच तुकडा आला तर स्थानिक गोंगाट तुम्ही वेगळा कसा काढणार?"

"स्थानिक गोंगाट बाहेर बाकावर बसलाय," मागून सुधा मॅडम म्हणाल्या. "बोलावू का?"

बाबूलाल आत आला. ईदला शिवलेला पांढरा सदरा, हातात डाळिंबांची पिशवी. पिशवी त्यानं टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना नमस्कार केला. ज्यांनी फोनवर शोधनिबंधाची चौकशी केली होती ते गृहस्थ चष्मा सावरत त्याच्याकडं बघत राहिले.

पूर्वीनं पुन्हा पाच तुकडे लावले, चार मशीनचे नवे आणि त्याच बुधवारचं एक वेगळं मिनिट, क्रम उलटासुलटा. या वेळी समितीलाही कागद दिले. प्रत्येकानं लिहायचं, मशीन की सूर्य. बाबूलालनं तोंडी सांगायचं, पण सगळ्यांचे कागद उलटे ठेवून झाल्यावर. निकाल लागला तेव्हा समितीतल्या एकाचे पाचपैकी चार बरोबर होते, दोघांचे तीन, आणि निहार सरांचे दोन. बाबूलालचे पाचही. त्यातल्या एका तुकड्याबद्दल त्यानं, "ह्यात दोन्ही हायती, मागं मशीन चालू हाय आन् म्होरं सूर्य," असं सांगितलं होतं. पूर्वीनं तो तुकडा नुसता मशीनचा म्हणून घेतला होता. तिनं तिथंच तो मोठा करून पाहिला. चार मिनिटांची एक फिकट लय मशीनच्या रेघांच्या मागं चालत होती, अडखळत, जिवंत.

मग निहार सरांनी आपला दोन गुणांचा कागद घडी करून खिशात घातला. "कळसचा अँटेना हलवायचा नाही," ते म्हणाले. "आणि बाजूला काढलेले सगळे तुकडे पुन्हा तपासायचे. तिन्ही जागांचे. कोकणातल्या होड्यासुद्धा."

पूर्वीनं टेबलाची कड घट्ट धरली होती, ती आता सोडली. सुधा मॅडम मागच्या रांगेत डाळिंब सोलायला लागल्या होत्या.

"एक इचारू का?" बाबूलाल म्हणाला.

"विचारा ना," निहार सर म्हणाले.

"ह्यो सूर्याचा ठोका अकरा मिंटं चालला. मग हळूहळू बारीक झाला आन् थांबला. माजी मशीन थांबती ती बॅटरी संपली की. तार थांबती ती म्या हात लावला की. हितं कुनी हात लावला?"

चष्म्यावाले गृहस्थ म्हणाले, लहरी कमानीच्या पायथ्यातून गळून जातात. त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, छे, पायथ्यातून एवढ्या लवकर कशा गळतील, वायूतल्या वायूतच जोर जिरतो. निहार सर म्हणाले, दोन्ही धरलं तरी अकरा मिनिटं जमत नाहीत, एवढा वेळ ती टिकलीच कशी हाच खरा प्रश्न आहे. बाई उठून फळ्याशी गेल्या आणि कमान काढायला लागल्या. चष्म्यावाल्यांनी त्यांच्या हातातून खडू घेतला आणि तीच कमान जाड केली. दोघंही एकदम बोलत होते.

बाबूलाल खुर्ची ओढून फळ्यासमोर बसला. "म्हंजी अजून ठावं न्हाय कुनाला?" त्यानं पूर्वीला हळूच विचारलं.

"नाही, चाचा."

"मग बरंय," तो म्हणाला, आणि पिशवीतलं एक डाळिंब काढून त्यानं तिच्यापुढं सरकवलं. पूर्वीनं एका हातानं ते घेतलं आणि दुसऱ्या हातानं वहीचं कोरं पान उघडलं.